कचरागाडीचा मुरबाड-शहापूर दौरा

लोक कुठं कुठं जाऊन येतात आणि लेणी, समुद्र, बर्फाचे डोंगर यांच्याबद्दल लिहितात. मी पाच दिवस कचऱ्याच्या गाडीबरोबर हिंडून आलो, त्याचं लिहितोय. माझ्या बायकोचं मत असं, की हे कुणी वाचणार नाही आणि वाचलंच तर जेवायच्या आधी वाचू नये. तिचं मत मी नेहमीसारखं शांतपणे ऐकून घेतलं आणि कागद पुढं ओढले.

मी मूळचा कराडकडचा. पुण्यात एका छोट्या कारखान्यात नोकरी करतो. ट्रकच्या पाठीवर जे काही बसतं, म्हणजे टँकर, डंपर, कोंबड्यांचे पिंजरे, त्याची ड्रॉइंगं काढणं हे माझं काम. ही हकिकत दोन हजार सालानंतरची. मोबाइल नुकता खिशात आला होता आणि मुरबाडच्या पुढं गेलं की तो फक्त घड्याळ म्हणून वापरता यायचा. त्या सुमारास नगरपालिकांना उघड्या ट्रकमधून उडत जाणाऱ्या कचऱ्याची एकाएकी लाज वाटायला लागली होती. कचरा दाबून भरणाऱ्या बंद गाड्या सगळ्यांना हव्या होत्या. बाकीचे कारखानदार परदेशी गाड्यांचे फोटो समोर ठेवून नकला मारत होते. मी आमच्या मालकांना म्हटलं, आपण आपली स्वतःची गाडी करू. मालक म्हणाले, कर. पुढं जे काही झालं ते या एका शब्दामुळं.

ही गाडी जरा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मागच्या बाजूला तिला एक तोंड असतं. माणसं त्यात पाट्या रिकाम्या करतात. वरून एक लोखंडी पातं खाली येतं, तो कचरा आत ओढतं, गाडीच्या पोटात रेटतं आणि पुढच्या घासासाठी परत वर जातं. पोटात एक उभी भिंत असते. कचरा येईल तशी ती कुरकुरत पुढं केबिनकडं सरते, आणि डंपिंगवर गेलं की हीच भिंत उलटी येऊन सगळं बाहेर ढकलते. सगळी कला कचरा किती घट्ट बसतो यात आहे. घट्ट बसला तर एका खेपेत तिप्पट माल जातो. नाही बसला तर तुम्ही एवढं लोखंड आणि तेल घेऊन हवा वाहून नेताय.

माझ्या गाडीचा मला भारी अभिमान होता, आणि तो पात्याच्या वेगाचा होता. परदेशी गाडीचं पातं एक फेरी मारेपर्यंत माझं दोन मारून मोकळं. हे मी भेटेल त्याला सांगायचो. एकदा मेव्हण्याच्या लग्नात भटजींनासुद्धा सांगितलं होतं.

कारखान्यात आम्ही वाळूची पोती भरून गाडी तपासली तेव्हा ती झकास चालली. मग एका नगरपालिकेच्या साहेबलोकांसमोर खरा कचरा भरला आणि कबूल केलं होतं त्याच्या जेमतेम निम्म्यावर पोट भरलं. पातं वर गेलं की कचरा तोंडातून परत बाहेर यायचा. साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि म्हणाले, येत्या शुक्रवारी शहापूरला परत दाखवा, ही शेवटची संधी. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "यावेळी नाही झालं तर आपणपण फोटो बघून बनवू," म्हणाले, "आणि तू टँकरच्या झाकणांची ड्रॉइंगं काढ." टँकरचं झाकण गोल असतं. त्याला एक बिजागरी असते आणि एक कडी. माझ्या आधी ज्यांनी ते काढलं ते पंचवीस वर्षं झाकणंच काढत रिटायर झाले.

मुरबाड, सोमवार

गाडीचा सांगाडा मुरबाडच्या एका शेडमध्ये बनवला होता, म्हणून गाडी परत तिथंच आणून ठेवली होती आणि मी तिथं गेलो. एप्रिलमधली दुपार होती. शेडचा पत्रा असा तापला होता की आत वेल्डिंग करणारा माणूस मास्क काढून पंख्यासाठी बाहेर यायचा आणि बाहेर पंखा नव्हता.

गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. ते भगवानचे. भगवान तिथला मुख्य फिटर, वय चाळिशीचं, पान खाऊन लाल झालेले दात, आणि हातात असा गुण की नट किती आवळलाय हे तो नुसतं बोट लावून सांगायचा. किन्हवलीच्या बाजूच्या एका गावातून तो रोज एसटीनं यायचा. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण ते त्याला आवडणार नाही. का ते पुढं कळेल.

"भगवान, चार दिवस आहेत," मी म्हटलं. "खरा कचरा पाहिजे. भरायचा, दाबायचा, कुठं चुकतं ते बघायचं."

"हितं नाय जमायचा," तो गाडीखालूनच म्हणाला. "शेटनी कालच सांगितलाय, शेडमधी घान आनायची नाय. आमच्या गावाला नेऊ ना गाडी. उद्या मंगळवार, कामाचा टाइम, रस्ता मोकळा. कचरा काय, बोलाल तेवढा."

मग तो हात पुसत समोरच्या बूथवर गेला आणि गावच्या सरपंचांना फोन लावला. सरपंच म्हणजे त्याची सख्खी मावशी. मी शेजारीच उभा होतो. तो एवढंच म्हणाला, "मावशे, उद्या पुन्याचं सायेब येतान कचऱ्याची गाडी घेऊन. गावात फिरवनार हाव. बघ गो जरा." आणि फोन ठेवला. मला वाटलं, झालं काम. भगवानलाही तसंच वाटलं.

भगवानचं गाव, मंगळवार

सकाळी गाडी काढली. सरळगावला वळेपर्यंत उजव्या हाताला सिद्धगड लांब निळा दिसत होता. आमच्याकडचे डोंगर उन्हाळ्यात खरपूस भाजून निघतात, इथले मात्र एप्रिलमध्येही अंगावर थोडी झाडी राखून असतात. शेतं कापून कोरडी पडली होती आणि जागोजागी धूर निघत होता. मी म्हटलं, आग लागलीय की काय. भगवान हसला. "राब भाजतात, सायेब." भाताची रोपं जिथं करायची त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या, जे मिळेल ते पसरून पावसाआधी जाळतात, तो राब. राख जमिनीला लागते आणि तण मरतं. मी मान डोलावली. एवढी सोपी गोष्ट कानावर पडूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, याची आज मला मोठी गंमत वाटते.

गावाच्या वेशीवर रांगोळी होती. पुढं शाळेच्या पोरांची रांग होती. सरपंचमावशी नवं लुगडं नेसून हातात आरतीचं ताट घेऊन उभी होती. साठीची बाई, काटक, नजर धारदार. तिनं गाडीच्या बोनेटला कुंकू लावलं, हार घातला, मग चालत मागं गेली, तोंडाच्या कडेवर नारळ फोडला आणि एक तुकडा आत टाकला. गाडीचा पहिला घास तो.

मी रस्त्याकडं बघितलं. गल्ली सारवल्यासारखी लखलखीत. गटार साफ. विहिरीजवळ एक कागद नाही, एक पान नाही. कोंबड्यासुद्धा अंग चोरून चालत होत्या.

"मावशी," मी म्हटलं, "कचरा कुठाय?"

"कसला कचरा?" मावशी म्हणाली.

"गाडीत भरायला."

मावशीनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी तिच्या घरात चपला घालून चुलीपाशी गेलोय. "पाव्हनं येनार नि आमी कचरा दाखवू व्हय? काल दुपारपासून सगळी बायामानसं लागली झाडायला. पोरांना शाळेतनं आनला. सगळा राबावर नेला नि पेटवला. एक काडी ठेवली नाय."

भगवाननं कपाळावर हात मारून घेतला. मी बोनेटला टेकून उभा राहिलो. दीडशे किलोमीटर लांबून मी कचरा शोधत आलो होतो आणि माझ्या मानासाठी अख्ख्या गावानं तो जाळून टाकला होता. रागवायचं तरी कुणावर? माझ्या आईनंही हेच केलं असतं. दोष भगवानच्या फोनचा होता आणि तो फोन मी कानानं ऐकला होता.

मावशीला जेव्हा सगळं समजलं तेव्हा ती वरमली नाही. "मग आधी सांगायचा ना," एवढंच म्हणाली आणि आम्हाला जेवायला बसवलं.

जेवणाबद्दल लिहिलंच पाहिजे. आमच्याकडं भाकरी म्हणजे ज्वारीची, दुसरी कुठली भाकरी असते यावर आमच्या आजोबांचा विश्वास नव्हता. इथं ताटात तांदळाची भाकरी आली. पांढरी, मऊ, घडी घातली तरी मोडत नव्हती. सोबत वालाचं बिरडं, कांद्यात परतलेली सुकट आणि तोंडी लावायला कैरीची आंबटतिखट कोचकई. सुकटीच्या वासानं मी आधी नाक मुरडलं, मग तीनदा वाढून घेतली. मावशी वाढताना म्हणाली, "गाडीपरीस तुमीच बरा भरता." सगळी हसली. मीही हसलो, पण मनात दिवस मोजत होतो. मंगळवारची दुपार झाली होती आणि गाडीत नारळाचा एक तुकडा होता.

हात धुताना मावशीनंच विचारलं, "गवत चालंल का? चाहूबाबाच्या वखारीत ढीग पडलाय खालचा. काळा झालाय, म्हशी खात नाय."

वखार

या भागातलं डोंगरउतारावरचं गवत दिवाळीनंतर कापतात आणि दाबून त्याच्या गासड्या, म्हणजे घट्ट गठ्ठे, बांधून मुंबईच्या तबेल्यांना पाठवतात. हे काम ज्या आवारात चालतं ती वखार. गावाबाहेरच्या वखारीचे मुकादम चाहूबाबा. सत्तरीच्या आसपासचे, कमरेला पंचा, अंगात बंडी, कानावर अर्धी विडी. ते फारसं बोलत नाहीत. तुम्ही काहीही सांगा, उत्तर एकच, "असंल."

तळाचं काळं गवत कामाला येत असेल तर न्या म्हणाले. आम्ही दहाबारा जणांनी पाट्या भरून गाडीच्या तोंडात टाकायला सुरुवात केली. भगवाननं दांडा ओढला. माझं पातं वीज चमकावी तसं खाली आलं, गवत आत रेटलं आणि वर गेलं. त्याच्या मागोमाग सगळं गवत फुगून परत तोंडात आलं. परत दाबलं. परत आलं. चौथ्या वेळी ते माझ्या अंगावर आलं. बघायला जमलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "गाडीला सोसत नाय गो."

मी भगवानवर ओरडलो. दाब वाढव म्हटलं. त्यानं वाढवला. पातं आणखी जोरात आलं, आणखी जोरात गेलं, गवत आणखी जोरात बाहेर पडलं. च्यायला, साध्या गवतानं माझी अशी अब्रू काढावी?

चाहूबाबा इतका वेळ बाजूच्या दगडावर बसून बघत होते. ते उठले, तोंडाशी आले, आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "सायेब, तुमी दाबता नि लगेच सोडता."

"बाबा, हे हायड्रॉलिक आहे," मी म्हटलं. "यात तेलाचा दाब असतो. तुमच्या दहा माणसांचा जोर एका पात्यात आहे."

"असंल," ते म्हणाले. "पन सोडता लगेच."

मग त्यांनी मला हाताला धरून त्यांच्या प्रेसपाशी नेलं. उभी लाकडी पेटी, तिच्यावर आटे पाडलेला लोखंडी खांब, त्याला आडवा दांडा. चार गडी दांडा धरून गोल फिरतात तसा वरचा फळा खाली उतरत गवत दाबतो. गड्यांनी चार फेरे मारले. फळा अडला. चाहूबाबांनी हात वर केला आणि सगळे आहेत तिथं थांबले. बाबांनी कानावरची विडी काढली, पेटवली, सावकाश दोन झुरके मारले. पेटीतून गवताचा करकर आवाज येत होता, मग तो हळूहळू थांबला. बाबांनी हात खाली केला. गड्यांनी दांडा ढकलला आणि मघाशी अडलेला फळा परत सहज एक फेरा खाली गेला.

"गवत उठायला बघतो," बाबा म्हणाले. "त्याला धरून ठेवायचा. दमला का गप पडतो. मंग परत दाबायचा. घाई केली का गासडी गाडीतच सुटते."

मी त्यांना समजावलं, की बाबा, तुमचा वेग हाताचा, माझा यंत्राचा, दोन्हीत फरक आहे. मी दाबाचे आकडे सांगितले. पात्याच्या वेगाबद्दल भटजींना जे सांगितलं होतं ते सगळं त्यांनाही सांगितलं. बाबांनी ते पूर्ण ऐकलं.

"असंल," म्हणाले आणि दगडावर जाऊन बसले.

ती रात्र मी भगवानच्या ओटीवर काढली. खरं सांगायचं तर चाहूबाबा बरोबर आहेत हे मला प्रेसपाशीच कळलं होतं. आम्ही गाडी वाळूवर तपासली होती. वाळू दाबली की पडून राहते, तिला परत उठता येत नाही. कचऱ्यात पुठ्ठे असतात, पिशव्या, काड्या, नारळाच्या शेंड्या, आणि हे सगळं उठतं. इंजिनियरिंग शिकलेल्या माणसाला हे गवताच्या वखारीत कळावं याची मला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त राग येत होता. कारण पातं थांबवायचं म्हणजे वेग गेला. ज्याच्यावर मी एवढा मिरवलो ते माझं एकमेव भांडवल गेलं.

बुधवार आणि गुरुवार

सकाळी मी भगवानला म्हटलं, "पातं आत गेलं की थोडं थांबलं पाहिजे."

"बाबा कालच बोलला," भगवान म्हणाला.

मी कागद काढला आणि तेलाच्या नळ्यांचं ड्रॉइंग काढायला बसलो.

थांबवायचं कसं, हा प्रश्न होता. पातं परत नेणारं तेल ज्या नळीतून वाहतं तिची वाट अरुंद केली तर ते उशिरा पोचेल आणि तेवढा वेळ पातं दाबून राहील, एवढं मला माहीत होतं. भगवाननं पितळेचं एक बूच घेतलं, त्याला बारीक भोक पाडलं आणि नळीत बसवलं. पहिलं भोक फारच बारीक झालं. पातं आत गेलं ते परत यायचं नावच घेईना. आम्ही चहा पिऊन आलो तरी ते आतच. मी वाकून नळीचा जोड बघायला गेलो, आणि भगवान "सायेब, नको" म्हणेपर्यंत जोड सुटला आणि मी डोक्यापासून तेलानं न्हालो.

मावशीनं मला विहिरीवर नेलं, भाताच्या तुसाची राख अंगाला चोळायला दिली आणि माझे कपडे स्वतः त्याच राखेनं घासले. दिवसभर मी भगवानचा सदरा घालून हिंडलो. तो मला बेंबीपर्यंत येत होता. बायकांनी आदल्या दिवसापेक्षा जास्त हसून घेतलं.

दुसरं भोक जरा मोठं पाडलं, तिसरं आणखी. पण किती मोठं? किती वेळ थांबलं म्हणजे पुरं? पुस्तकात याचं उत्तर नव्हतं, निदान माझ्याकडच्या पुस्तकात नव्हतं. शेवटी मी अभिमान गुंडाळून ठेवला आणि चाहूबाबांना बोलावलं. ते गाडीच्या तोंडाशी उभे राहिले. पातं आत गेलं की ते कान देऊन गवताचा आवाज ऐकायचे आणि हात वर करायचे, आता सोडा म्हणून. मी हातातल्या घड्याळात सेकंद मोजायचो. मला वाटलं होतं म्हातारा दरवेळी वेगळं सांगेल. पण दहाच्या दहा वेळा तोच आकडा. भगवान भोक तेवढ्यासाठी घासत गेला.

गुरुवारी दुपारी गवत बाहेर आलं नाही. पातं आत गेलं, थांबलं, आतला करकर आवाज थांबला, मग पातं सावकाश वर गेलं आणि गवत जिथल्या तिथं राहिलं. आम्ही टाकत गेलो, गाडी खात गेली. मंगळवारी जेवढ्यानं तिला उलटी होत होती त्याच्या दुप्पट गेलं तरी पोटातली भिंत अजून पुढं टेकली नव्हती. भगवान पान थुंकून हसला. मला तर त्या काळ्या गवताची गळाभेट घ्यावीशी वाटली. टँकरची झाकणं एकाएकी फार लांब गेली.

त्या भरात मी चाहूबाबांचे दोन्ही हात धरले. "बाबा, उद्या शहापूरला या," म्हटलं. "हे तुमच्यामुळं झालं. सगळ्या साहेबांसमोर मी सांगणार."

"सांगायचा काय त्यात," बाबा म्हणाले. "पन बघायला येतो. कचऱ्याचं कसा होतो ते बघायचा हाय."

शहापूर, शुक्रवार

शहापुरात आदल्या दिवशी बाजार भरून गेला होता आणि कचरा मनासारखा होता. कोबीचा पाला, केळीची खुंटं, शहाळी, ओली पोती, पिशव्या. यावेळी झाडून ठेवायला मावशी नव्हती. आमचे मालक पुण्याहून इस्त्रीचे कपडे घालून आले होते. नगरपालिकेचे तिघे साहेब आले. त्यांतले मोठे इंजिनियर काळा चष्मा लावून, कमी बोलणारे. सकाळच्या एसटीनं भगवानबरोबर चाहूबाबा उतरले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, दाढी केलेली. मी त्यांना हात केला आणि ते गाडीच्या तोंडापासून दोन हातांवर जाऊन उभे राहिले.

भरायला सुरुवात झाली. पातं खाली, आत, थांबा, वर. मोठे इंजिनियर घड्याळ बघत होते. एकदा ते मालकांना काही म्हणाले आणि मालकांनी माझ्याकडं वाकडी नजर टाकली. पातं हळू आहे असंच म्हणाले असणार. पण कचरा आत जात राहिला आणि तोंडातून एक पिशवीसुद्धा परत आली नाही. गाडीच्या खालच्या सांध्यातून काळं पाणी ठिबकून रस्त्यावर ओघळ झाला. दोन तासांनी गाडी हायवेवरच्या वजनकाट्यावर नेली आणि चाहूबाबांसकट आम्ही सगळेच मागोमाग गेलो. काटेवाल्यानं चिठ्ठी फाडली, साहेबांना दिली. साहेबांनी चष्मा वर केला, चिठ्ठी वाचली, मालकांच्या हातात दिली. कबूल केलं होतं त्याहून जास्त वजन बसलं होतं.

मालकांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी खोकलो. जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं ते थापेमुळं आलं असं मी सांगत होतो.

मग मोठे इंजिनियर माझ्यासमोर आले. "ते पातं आत जाऊन थांबतं," म्हणाले. "मला आधी बिघाड वाटला. सगळी किमया त्यातच आहे. ही कल्पना कुणाची?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मालक, तिन्ही साहेब, काटेवाला, भगवान. चाहूबाबा गाडीपाशी पाठमोरे होते, पण इतके जवळ की शब्द न् शब्द ऐकू जावा. मला फक्त मान वळवायची होती आणि बोट दाखवायचं होतं. माझ्या डोक्यात मालकांचा चेहरा आला. गवत बांधणाऱ्या म्हाताऱ्यानं सांगितलं, म्हटलं तर ते काय म्हणतील? मग तुला पगार कशाचा? परदेशी फोटो परवडला, म्हणतील.

"आमच्याच डिझाइनमधलं आहे, सर," मी म्हटलं. "बराच अभ्यास करून आलोय तिथपर्यंत."

"आमचा माणूस हुशारच आहे," मालक म्हणाले.

भगवाननं माझ्याकडं एकदा बघितलं. मग त्यानं खिशातून चिंधी काढली आणि हातातला पाना पुसायला लागला. पाना स्वच्छ होता. साहेबलोक मालकांबरोबर थंड प्यायला समोरच्या हॉटेलात गेले. मालकांनी मला खूण केली, चल. मी येतो म्हटलं.

"सायेब," चाहूबाबांनी हाक मारली. "हिकडं या जरा."

मी गेलो. चार पावलांत मी सगळी वाक्यं जुळवली. गडबडीत राहून गेलं, बाबा. आत गेल्यावर निवांत सांगणारच होतो, बाबा. एकही वाक्य ऐकण्यासारखं नव्हतं हे मलाही कळत होतं. असा हलकटपणा मी आयुष्यात दुसऱ्या कुणाशी केला नव्हता.

"बाबा, ते मघाशी..." मी सुरुवात केली.

"ते ऱ्हाऊं द्या," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. वाकून गाडीखालचा काळा ओघळ दाखवला. "ह्यो बघा. हा माल वला हाय. पानी निघून गेला का तो उठत नाय, जागच्या जागी बसतो. ह्याला गवताएवढा येळ धरायला नको. उगाच गाडी उभी ऱ्हाते नि मागं पाटीवाल्या बाया नाक धरून उभ्या. उन्हाळ्यात सुका कचरा आला तर आपला ठरला तेवढा, नि वल्याला त्याच्या निम्मा. तेवढी सोय करा तुमच्या मशिनीत."

मी वाकून तो ओघळ बघितला. त्यांनी मग माझ्या तोंडाकडं बघितलं, मला समजलं की नाही ते बघायला.

"लिवून घ्या," म्हणाले. "इसराल."

मी खिशातून पेन काढलं आणि त्यांच्यासमोर, मान खाली घालून, लिहून घेतलं.